आई-बापूंना पहिल्यांदा विमानाने धाडताय? मग केबिन क्रूचा नीट उपयोग करून घ्यायला शिकवा

दर उन्हाळ्यात नि दिवाळीच्या आसपास मला गावाकडून फोन सुरू होतात. मी सहा वर्षं केबिन क्रू होते, कोणत्या कंपनीत ते राहू द्या, माहेर परभणी जिल्ह्यातलं, आता संभाजीनगरला असते, त्यामुळं सगळ्या पाहुण्यारावळ्यांत "विमानातली ताई" म्हणजे मीच. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आमच्या बापूला बेंगलोरला पोराकडं धाडायचंय, एकलेच हायेत, काय काय सांगू त्यांना?" आणि मग समोरचा स्वतःच यादी म्हणून दाखवतो, आधार कार्ड घेतलं, बॅग काट्यावर ठेवून बघितली, तिकिटाची झेरॉक्स काढली, भाकरी-ठेचा बांधला. सगळं बरोबर. पण आत जी चार माणसं दीड-दोन तास बापूंसोबत असणारेत त्यांचं काम काय, त्यांना कधी हाक मारायची, कधी अजिबात मारायची नाही, हे कुणीच सांगत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढचा फोन आला की हेच पाठवीन.

आधी डोक्यातलं एक चित्र पुसा. आपल्याकडं लोकांना वाटतं क्रू म्हणजे एसटीचा कंडक्टर आणि हॉटेलातला वेटर यांचं मिळून काहीतरी, फक्त लिपस्टिक लावलेलं. तसं नाहीये. नियम असा आहे की विमानात बसवलेल्या दर ५० सीटमागं किमान एक क्रू पाहिजेच, म्हणून १८०-१८६ सीटच्या एअरबस ए-३२० मध्ये चार जण असतात आणि ७०-७८ सीटच्या पंख्याच्या एटीआरमध्ये दोन. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला चहा मिळाला का नाही मिळाला याच्याशी सरकारला काय देणंघेणं? चहा संपला तरी विमान उडतं, क्रूमधलं एक माणूस कमी पडलं की खोळंबतं. जगातली पहिली बाई जी या कामाला लागली, एलन चर्च, १९३० साली अमेरिकेत, ती नर्स होती, आणि तिला खरं तर पायलट व्हायचं होतं, ते कुणी होऊ दिलं नाही म्हणून तिने सुचवलं की निदान नर्स म्हणून तरी विमानात ठेवा. म्हणजे सुरुवातच ट्रे घेऊन झालेली नाही. ट्रे हे फावल्या वेळातलं काम. मुख्य काम म्हणजे काही झालं तर तुम्हाला दीड मिनिटात बाहेर काढणं. दीड मिनिट हे मी माझ्या मनानं सांगत नाही, विमानाचं मॉडेल पास करतानाच अंधारात, निम्मे दरवाजे बंद ठेवून, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात.

हे एकदा बापूंच्या डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

तयारी घरापासून. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, दोन दिवस आधी सांगितलेलं बरं. "आमचे बापू धडधाकट हायेत, खुर्ची कामून पायजे" असं म्हणू नका, मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालून चालून चांगल्या तरण्या माणसाचे पाय दुखतात. सीट कडेची घ्या, खिडकीची नको. मला ठाऊक आहे पहिल्यांदा चाललेल्या माणसाला खिडकी पाहिजे असते, पण ज्याला दर तासाला लघवीला जायचंय त्याने दोन अनोळखी माणसांच्या गुडघ्यांवरून किती वेळा जायचं. नांदेडहून जी एम्ब्रेअर उडतात त्यातल्या मोठ्या विमानात दोन-दोन सीटच असतात, मधली सीटच नाही, तिथं खिडकी घेतली तरी चालतं. इमर्जन्सी दरवाज्याजवळची रांग मात्र पाय पसरायला जागा आहे म्हणून घेऊ नका, तिथं म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान लेकरं बसवत नाहीत, क्रू येऊन उठवणारच, आणि मग सगळ्यांसमोर उठवलं म्हणून बापू रुसणार.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. एक चिठ्ठी. कागदाचा अर्धा तुकडा घ्या, त्यावर नाव, वय, कोणता आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणती भाषा कळते, आणि घ्यायला कोण येणार त्याचा फोन नंबर, एवढं मराठीत नि जमलं तर इंग्रजीतही लिहा आणि शर्टच्या वरच्या खिशात ठेवा. मोबाईलमध्ये नको, मोबाईल लॉक असतो, चार्जिंग संपलेलं असतं, आणि बापू बेशुद्ध पडले तर त्यांचा अंगठा घेऊन कोण फिरणार. माझ्या सहा वर्षांत अशी चिठ्ठी मला मोजून तीनदा मिळाली असेल, तिन्ही वेळेला उपयोगी पडली. गोळ्या हातातल्या पिशवीतच, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. आणि हां, सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत टाकू नका, तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून चालत नाही, चटणीसाठी वाट्या घेऊन निघालेल्या कितीतरी बाया मी चेहरा पाडून उभ्या राहिलेल्या बघितल्यात.

दारात नमस्कार होतो, तो नुसता नमस्कार नसतो. त्या दोन सेकंदांत क्रू तुम्हाला वाचत असते. कोण प्यायलंय, कोणाला धाप लागलीये, कोणाच्या पायात प्लास्टर आहे, कुठल्या बाईच्या कडेला किती महिन्यांचं लेकरू आहे, आणि धिप्पाड, शांत डोक्याचा असा कोण आहे की ज्याला वेळ पडली तर दरवाजा उघडायला हाताशी घेता येईल. लष्करातले, पोलीस, डॉक्टर, आपल्याच कंपनीतले सुट्टीवर चाललेले, अशी माणसं मी मनात नोंदवून ठेवायचे, १२ सी, १९ डी असं. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नसायचा. तेव्हा बापूंना सांगा की दारातच एक वाक्य बोलायचं, "पहिल्यांदाच बसतोय, शुगर आहे, कमी ऐकू येतं", जे काय असेल ते. हिंदीत बोलले तरी चालतं, आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना हिंदी बऱ्यापैकी येतं, निजामाच्या राज्याची तेवढी कमाई आहेच. लाजायचं नाही. उलट ज्याने सांगितलं त्याच्याकडं क्रू दोनदा जास्त बघते.

बॅग वर ठेवायला क्रू मदत करते पण एकटीने उचलून ठेवणं तिचं काम नाही. दिवसाला चार-चार फ्लाईट, प्रत्येकीत वीस बॅगा उचलल्या तर कंबर जाते, माझ्या बरोबरच्या दोघींची गेली. जेवढं स्वतःला डोक्यावर उचलता येतं तेवढंच हातात घ्या. आणि सीट नंबर बघून बसा, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय इथं चालत नाही, हे हसण्यावारी नेऊ नका, रिकामी दिसली म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसणारे आजोबा दर महिन्याला एक तरी असायचे.

बेल्ट. यावर जरा थांबते. लावताना खटकन लागतो, त्यात काही नाही, सगळ्यांना जमतं. काढताना गंमत होते. कारचा बेल्ट बटण दाबून निघतो, विमानाचा वरची पत्र्याची पट्टी उचलून निघतो. शांतपणे बसलेल्या माणसालाही ते आठवत नाही, तर घाबरलेल्याचं काय, तो बकलच्या कडेला बोटं दाबत बसतो. माझे स्वतःचे वडील पहिल्यांदा माझ्याच फ्लाईटवर होते, उतरायची वेळ आली तरी बापू उठेनात, मी जवळ जाऊन बघते तर दोन्ही हातांनी बकल धरून बसलेले, हळूच म्हणाले, "बाई, हे काही सुटंना झालंय, कुणाला सांगू नको." पट्टी उचलली, सुटलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडून विमान हलायच्या आधी एकदा लावून, काढून, परत लावून घ्यायचे. तुम्ही बापूंना सांगा, बसल्या बसल्या तीनदा उघडझाप करायची. बेल्ट पोटावर नाही, त्याच्या खाली, मांड्या जिथं सुरू होतात तिथं हाडांवर घट्ट पाहिजे. धोतर असेल तर कनवटीच्या खालून घ्यायचा. पोट मोठं असेल नि बेल्ट पुरत नसेल तर जोडपट्टा मिळतो, मागायचा, त्यात लाज कसली.

मग क्रू उभी राहून हातवारे करते तेव्हा निम्मं विमान मोबाईलमध्ये असतं. बापूंना सांगा तेवढी तीन मिनिटं वर बघायचं, आणि एक काम करायचं: आपल्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दरवाज्यापर्यंत सीटच्या पाठी किती आहेत ते मोजायचं. ए-३२० ला पुढं दोन, मागं दोन दरवाजे आणि पंखांवर चार खिडक्यांसारखे दरवाजे असतात. धूर झाला की डोळ्यांना काही दिसत नाही, हाताने चाचपडत पाठी मोजत जावं लागतं. "असलं कुठं काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी चिकलठाणा, म्हणजे आपलं संभाजीनगरचं विमानतळ, सांगते. २६ एप्रिल १९९३, इंडियन एअरलाईन्सचं बोईंग ७३७ आपल्याच धावपट्टीवरून उडालं, पलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, मग विजेच्या तारांत गेलं नि पडलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. म्हणजे ६३ वाचले, हे कुणी लक्षात ठेवत नाही. विमान अपघात म्हणजे सगळे मेलेच, हा समजच चुकीचा आहे, म्हणून तर दरवाजे मोजायचे.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ, जपान एअरलाईन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं नि पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं, त्यात क्रू १२. आतला स्पीकर बंद पडला, आठपैकी तीनच दरवाजे वापरण्यासारखे राहिले, क्रूने भोंगे घेऊन ओरडून ओरडून माणसं काढली आणि ३७९ च्या ३७९ बाहेर आले. का, तर लोकांनी वरच्या बॅगांना हात लावला नाही. आपल्या माणसाला हे कसं पटवायचं ते तुम्ही बघा, कारण बॅगेत सुनेसाठी साडी असते नि आईच्या पाटल्या असतात. मी तर सरळ सांगते, पाटल्या हातात घाला, कागद खिशात ठेवा, मग बॅग सोडायला जीव जड होत नाही.

लाईफ जॅकेटबद्दल एवढंच, आत बसून फुगवायचं नाही. १९९६ साली इथिओपियन एअरलाईन्सचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा बऱ्याच जणांनी आतच जॅकेट फुगवलं, पाणी आत शिरल्यावर ते छताला चिकटले नि त्यांना खाली डुबकी मारून दारातून निघताच आलं नाही. दारात गेल्यावर मग ओढायचं.

दरवाजे बंद झाले की पायलटचा आवाज येतो, केबिन क्रू, दरवाजे आर्म करा. म्हणजे काय तर दारात घडी घालून ठेवलेली हवेची घसरगुंडी असते, ती आता दाराला जोडली, यानंतर दार उघडलं की ती काही सेकंदांत आपोआप फुगणार. म्हणून दाराच्या दांड्याला कुणी गंमत म्हणून हात लावला की क्रू एकदम कडक आवाजात बोलते, तेव्हा "किती उर्मट पोरगी" असं म्हणू नका.

विमान उडताना आणि उतरताना क्रू स्वतः घडीच्या सीटवर चार पट्ट्यांचा बेल्ट लावून गप बसलेली दिसेल. लोक म्हणतात बघा, आता आराम करायलीय. आराम नाही. उडताना पहिली तीन मिनिटं आणि उतरताना शेवटची आठ, अपघात जास्त करून याच वेळेत होतात, तेव्हा ती मनात उजळणी करत असते, माझं दार कुठल्या बाजूला फिरतं, पहिली हाक काय मारायची, कोणाला मदतीला घ्यायचं, खिडकीबाहेर आग दिसली तर कुठलं दार. खिडक्यांच्या झापा वर करायला लावतात ते बाहेरचं दिसावं म्हणून. रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून, वीज वाचवायला नाही, एका काकांनी मला तसं विचारलं होतं. सीट सरळ, समोरचा ट्रे बंद, ते मागच्या रांगेतल्याला पटकन निघता यावं म्हणून. या अकरा मिनिटांत बेल वाजवायची नाही. पाणी पाहिजे, जरा उकडतंय, हे सगळं थांबू शकतं. छातीत कळ आली, कुणी पडलं, धूर दिसला, तर मात्र वाजवायची, नुसती वाजवायची नाही, ओरडायचं.

एकदा वर गेल्यावर बेल वाजवा की, त्यासाठीच दिलीये. एसटीत दोनदा घंटी दिली की गाडी निघते, इथं एकदा दाबलं की क्रूला दिवा दिसतो, परत परत दाबून उपयोग नाही. साधं पाणी फुकट मिळतं, मागायचं. स्वस्तातल्या तिकिटात खाणं विकत असतं, त्यात गरम पाणी ओतलेले कपातले पोहे मिळतात, आपल्या घरच्या पोह्यांसारखे नसतात हे आधीच सांगून ठेवा नाहीतर आई तिथंच चव काढतील. आणि संभाजीनगर ते मुंबई असली छोटी फ्लाईट असेल तर घाई का असते ते समजून घ्या, चार जणी, १८० माणसं, चढणं-उतरणं वगळलं तर हातात वीसेक मिनिटं, तेवढ्यात गाडा ढकलायचा, पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे, कचरा गोळा करायचा. त्यात कुणी विचारतं, खाली जे दिसतंय ते जायकवाडी आहे का. असतंही कधीकधी.

कान दुखतात ते उतरताना जास्त. खडीसाखर, बडीशेप, काहीही चघळत राहायचं, गिळलं की कान मोकळे होतात. लहान बाळ असेल तर तेव्हाच पाजायचं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर असेल तर त्याचा वेगळा छोटा बेल्ट क्रू देते, तुमच्याच बेल्टमध्ये बाळाला कोंबायचं नाही.

संडासाचं सांगितलंच पाहिजे, कारण याला घाबरून म्हातारी माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. विमानातली हवा आधीच कोरडी असते, आणि आतला दाब समुद्रसपाटीचा नसतो, सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा असतो, कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या शेंड्यापेक्षा उंच बसलेले असता. तेव्हा पाणी प्यायचं. संडासाचं दार मधोमध ढकललं की घडी होऊन उघडतं, आतून कडी सरकवली की दिवा मोठा होतो, कडी न लावता बसलं तर अंधुक उजेडात बसावं लागतं नि कुणीही दार ढकलतं. फ्लश दाबल्यावर मोठ्ठा सुसाट आवाज होतो, खालून विमान फुटल्यासारखा, ते नॉर्मल आहे. जमत नसेल तर क्रूला म्हणायचं, "जरा दाखवा", कुणी हसत नाही. तंबाखूची पिचकारी बेसिनमध्ये मारायची नाही. बिडी तर विषयच नाही, धूर ओळखणारं यंत्र असतं वर. बरं, त्या दारावर राखदाणी मात्र दिसेल, ती नियमानेच ठेवलेली असते, कारण बंदी असूनही कुणी मूर्खाने पेटवलीच तर थोटूक कागदाच्या डब्यात जाऊन आग लागू नये. आमंत्रण समजू नका.

विमान हादरायला लागलं की सगळे क्रूच्या तोंडाकडं बघतात. बघा, पण खरं सांगते, तोंड हसरं ठेवायचं आम्हाला शिकवलेलं असतं, तोंडावरून काही कळणार नाही. ती उभी आहे का बसली ते बघा. ती गाडा लावून बसली की तुमचा बेल्ट घट्ट करा. हवेतले खड्डे म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यावर एसटी उडते तसंच, विमान त्याने पडत नाही, बेल्ट न लावलेला माणूस मात्र छताला आपटतो. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाईन्सच्या लंडनहून निघालेल्या विमानात असाच झटका बसला, एक प्रवासी दगावला, बरेच जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. म्हणून बेल्टचा दिवा विझला तरी बेल्ट सैल ठेवून लावलेलाच बरा.

वरून पिवळा मास्क पडला तर आधी स्वतःला, मग नातवाला. यावर प्रत्येक आजी माझ्याशी भांडते. "लेकराला आधी न घालता मी कशी घालू माय, काय बोलूलालीस?" आजी, ३५,००० फुटांवर हवा गेली की माणसाला अर्धा-एक मिनिट शुद्ध राहते, तुम्ही लेकराचा मास्क सोडवता सोडवता पडलात तर दोघंही गेलात. स्वतःला घालायला पाच सेकंद लागतात. मास्क खाली आला की जोरात ओढायचा, ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही, पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलट विमान खाली आणतो.

आजारपणात क्रू काय करते ते एका काकांवरून सांगते. दिल्लीची फ्लाईट, काका जालन्याकडचे, साठीचे, पांढरी टोपी. शेजारचा माणूस बेल वाजवून म्हणाला, हे प्यायलेले आहेत, काहीही बडबडतायत, सीट बदलून द्या. मी वाकून बघितलं, दारूचा वास नाही, कपाळावर घामाचे थेंब, हात थंडगार, बोलणं अडखळत. काकूंना विचारलं शुगर आहे का, म्हणाल्या, "हाय की, सकाळची गोळी घेतली त्यांनी." आणि खाल्लं काय? "आज एकादस हाय वो, तोंडात पाणी न्हाई घेतलं." झालं. गोळी पोटात, अन्न नाही, साखर खाली गेलेली. गिळता येत होतं म्हणून चहासोबत देतात त्या साखरेच्या पुड्या, चार फोडल्या, थोड्या पाण्यात कालवल्या, घोट घोट पाजल्या, तोवर माझ्या जोडीदारणीने डॉक्टर आहे का म्हणून विचारलं, एक डॉक्टर बाई निघाल्या, त्यांनी नाडी बघितली, म्हणाल्या बरोबर केलंत, अजून द्या. पंधरा मिनिटांनी काकांनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य काय, "माझा उपास मोडला का वो?" काकू म्हणाल्या, "साखर चालती उपासाला, गप बसा." तर शुगरवाल्यांनी प्रवासाच्या दिवशी उपास धरू नका, धरलाच तर दारात क्रूला सांगा, आणि खिशात दोन-चार लिमलेटच्या गोळ्या ठेवा.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, खाली सामानात नाही. मोबाईल किंवा ती गरम झाली, फुगली, वास आला तर लपवायचं नाही, लगेच बोलवायचं, विझवायचं साहित्य आणि ट्रेनिंग दोन्ही क्रूकडं असतं. मोबाईल सीटच्या फटीत पडला तर सीट हलवायची नाही, तेही क्रूलाच सांगायचं, चेंगरला तर तो पेटू शकतो.

आता बोलायचं कसं. "ताई", "दादा", "मॅडम", काहीही चालतं, "बेटा" म्हटलं तर आवडतंच. चुटकी नको, हात धरून ओढणं नको, मागून टोचणं नको, हवाईसुंदरी हा शब्दही सोडा आता, चार वर्षं झोपेचं खोबरं करून सुंदर कोण राहतं. आणि रागावलात तरी तोंड आवरा. २०१७ साली आपल्याच भागातल्या एका खासदारांनी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं, देशभर बातमी झाली, कंपन्यांनी त्यांना तिकीट देणं बंद केलं होतं, आणि त्याच वर्षी बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले, शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं केलं तर किमान दोन वर्षं. क्रूवाल्या पोरींमध्ये हिंमत किती असते ते बघायचं असेल तर नीरजा भनोत आठवा, ५ सप्टेंबर १९८६, कराची, पॅन ॲमच्या विमानात अतिरेकी घुसले तेव्हा तिने पायलटांना इशारा पोचवला, ते निसटले म्हणून विमान जमिनीवरच राहिलं, शेवटी दार उघडून लोकांना बाहेर काढताना ती गेली, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. अशोकचक्र मिळालं तिला. चहात साखर कमी पडली म्हणून जिच्यावर ओरडताय ती त्याच ट्रेनिंगमधून आलेली असते.

चाक टेकलं की अख्खं विमान उठून उभं राहतं, परभणीच्या स्टँडवर गाडी लागल्यासारखं. बापूंना सांगा, बेल्टचा दिवा विझेपर्यंत बसायचं, विमान अजून चालतंय, ब्रेक लागला तर तोंडावर पडाल. व्हीलचेअरवाले सगळ्यात शेवटी उतरतात, हा नियमच आहे, सगळं विमान रिकामं झाल्यावर खुर्ची दारात येते, क्रू तोवर थांबलेली असते, ती तुम्हाला विसरलेली नसते. त्यामुळं बाहेर घ्यायला आलेल्या पोराने विमान उतरल्यावर निदान अर्धा-पाऊण तास धीर धरावा, दर दोन मिनिटाला बापूंना फोन लावून "कुठं हाव, कुठं हाव" करू नये, त्या गडबडीत बापू खुर्ची सोडून चालायला लागतात आणि मग भलत्याच पट्ट्यावर सामान शोधत बसतात. आणि घरी पोचल्यावर शर्ट धुवायला टाकायच्या आधी ती चिठ्ठी खिशातून काढून ठेवा, परतीला लागेल.